आखाड्यावरचा जुना डिश बॉक्स बंद करायलेत, एचडी घ्यावं का?

गोदाकाठ (परभणी)

राम राम मंडळी. मी नोकरीला पुण्यात, आईबाबा गावाकडं, गंगाखेड तालुका. बाबा निम्मा वेळ आखाड्यावरच, म्हणजे शेतातल्या घरीच असतात. तिथं पिक्चर ट्यूबवाला एकवीस इंची डब्बा टीव्ही आहे आणि २००९ ला घेतलेली डिश. कंपनीचं नाव लिहीत नाही, मागं एकानं लिहिलं तर अ‍ॅडमिननी धागाच उडवला होता.

तर दिवाळीपासून टीव्हीवर खाली पट्टी यायली की तुमचा बॉक्स जुन्या टेक्नॉलॉजीचा आहे, सेवा चालू ठेवायची तर अपग्रेड करा. बाबांनी लक्षच दिलं नाही, त्यांना वाटलं असंल कसली तरी जाहिरात. मागच्या सोमवारपासून एकेक चॅनल जायलंय. आधी गाण्याचे गेले तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, मग आईच्या सिरियलचा गेला, आणि परवा संध्याकाळी सात वाजता सह्याद्री काळं. मग मला फोन. मी कस्टमर केअरला लावला, पोरगी म्हणली सर एचडी बॉक्स घ्यावा लागंल, बॉक्सचे पैसे वेगळे, माणूस येण्याचे वेगळे आणि महिन्याचा पॅक पण एचडीचा करावा लागंल.

आता मला सांगा त्या जुन्या टीव्हीत एचडी दिसणार आहे का? आणि दिसणार नसंल तर ही जबरदस्ती कशाला? बाबा म्हणायलेत, माझा बॉक्स बिघडला नाही, चांगला चालायला होता, बंद त्यांनी केला तर पैसे मी का देऊ. मला काही उत्तर देता येईना.

बिंदुसरा (बीड)

सेम टू सेम आमच्या मामांकडं झालं, गेवराई साईडला. मामांनी बॉक्स दोनदा आपटून बघितला, तिसऱ्यांदा खरंच बिघडला.

छत्रीवाला (लातूर)

दादा, मी २००६ पासून ह्याच धंद्यात, छत्र्या बसवून बसवून गुडघे गेलेत. तुमच्या बाबांचं एकदम बरोबर आहे आणि ती केअरवाली पण निम्मी बरोबर आहे. तिनं दोन गोष्टींची भेळ करून दिली तुम्हाला.

एक म्हणजे एचडी. दुसरी म्हणजे एमपेग फोर. लोक ह्या दोन्ही एकच समजतात आणि कंपनीचे पोरं पण तसंच सांगूलालेत, कारण एचडी म्हणलं की गिऱ्हाईक पैसे काढतंय.

तुमच्या बाबांचा बॉक्स एमपेग टूचा. त्या काळातले बरेच बॉक्स तसलेच, दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस डिसेंबर २००४ ला सुरू झाली ती पण एमपेग टूवरच. आता हे एमपेग काय तर चित्र दाबून बारीक करायची पद्धत. कापूस सुटा टेम्पोत भरला तर किती बसतो आन तोच जिनिंगमधी दाबून गठाण केली तर किती बसतो? एमपेग टू म्हणजे हातानं कोंबून भरलेला, एमपेग फोर म्हणजे मशीनची गठाण. तेच चॅनल साधारण निम्म्या जागेत बसतंय. पण गठाण सोडायला तसलं मशीन इकडं बी लागतंय, आन ते जुन्या बॉक्समधी नाही. म्हणून स्क्रीन काळी. बॉक्स बिघडलेला नाही, वरून जे यायलंय ते त्याला वाचता येईना, एवढंच.

जागा वाचवायची कशाला? तर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहावरचं सिग्नल खाली सोडणारं यंत्र, भाड्यानं घ्यावं लागतं. छत्तीस हजार किलोमीटर वर उपग्रह, त्यात मोजके ट्रान्सपॉन्डर, आन इथं कंपन्यांना पाहिजे तेवढे कधी वेळेवर मिळालेच नाहीत. जुलै २०१० मधी इन्सॅट ४बीच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला, निम्मे ट्रान्सपॉन्डर गेले, तेव्हा माझा फोन तीन दिवस बंद नव्हता, गिऱ्हाईक मलाच शिव्या देऊलालं जसं काय मीच वर जाऊन वायर तोडली. चॅनल वाढले शेकड्यानं, एचडी आलं तर ते आणखी जागा खातंय. मग जागा काढायची कुठून? जुन्या एमपेग टूवाल्यांना हलवूनच.

बिंदुसरा (बीड)

म्हणजे वाड्यातला जुना भाडेकरू उठवून बिल्डिंग बांधायची आणि सामान उचलायचा खर्च बी त्याच्याच डोक्यावर.

छत्रीवाला (लातूर)

अगदी तसंच. म्हणून म्हणतोय, केअरला फोन लावून "एचडी पाहिजे का" ह्या प्रश्नाला हो बी म्हणू नका नाही बी म्हणू नका. तुम्ही एवढंच म्हणा की तुम्ही प्रसारण बदललंय तर बॉक्स बदलून द्या. स्वॅप म्हणायचं, अपग्रेड म्हणायचं नाही. अपग्रेड म्हणलं की बिल होतंय.

तेरणामाई (धाराशिव)

माझा किस्सा सांगते, हसू नका. आमच्याकडं एचडी टीव्ही बत्तीस इंची, एचडी बॉक्स, एचडी पॅक सगळं होतं. तीन वर्षं पॅक भरला. एक दिवस भाचा आला, कॉलेजला आहे, टीव्हीच्या मागं हात घालून म्हणतो आत्या हे काय, लाल पांढरी पिवळी पिन लावून ठेवलीय तुम्ही. त्या पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही म्हणे! बसवणाऱ्यानं एचडीएमआयची वायर दिलीच नव्हती, बहुतेक दुसऱ्याला विकली असंल. तीन वर्षं आम्ही एचडीचे पैसे भरून साधंच बघत होतो आणि वर आल्यागेल्याला सांगत होतो बघा किती क्लिअर दिसतंय म्हणून. यजमान तर म्हणायचे हिरॉईनीच्या तोंडावरचे तीळ दिसायलेत.

सांगायचं म्हणजे गोदाकाठ भाऊ, तुमच्या बाबांच्या टीव्हीला ती पिवळी पिनच आहे, एचडीएमआयचं भोकच नाही. एचडी पॅक घेतला तर पैसे पाण्यात.

गोदाकाठ (परभणी)

तेरणाताई 😀 हसू आलंच, माफ करा.

छत्रीवाला दादा गठाणीचं बाबांना सांगितलं, लगेच समजलं. वर म्हणतात मग गठाणीचा वाहतूक खर्च वाचला त्यातलं आपल्याला काय मिळालं.

पण मला अजून एक कळंना. साधा एमपेग फोरचा बॉक्स मिळतो का, एचडी नसलेला?

छत्रीवाला (लातूर)

मिळाला तर मिळाला. आता बहुतेक जागी एचडी बॉक्सच हातात देतात. पण त्यानं बिघडत नाही काही. बॉक्स एचडी असला म्हणून पॅक एचडी घ्यायलाच पाहिजे असं नाही, साधा पॅक चालतोय त्याच्यावर. हे केअरवाले सांगत नाहीत. फक्त बॉक्सला एव्ही आउट, म्हणजे त्या लाल पांढऱ्या पिवळ्या पिनांची जागा, आहे का ते बघून घ्या, काहींना तीन पिना नसतात, हेडफोनसारखं एकच भोक असतं, त्याची वायर वेगळी येते, ती डब्यातच मागून घ्या, नाहीतर गंगाखेडला सापडणार नाही. आणि सेटिंगमधी जाऊन स्क्रीन चार बाय तीन करा, नाहीतर जुन्या टीव्हीवर माणसं उंच बारीक दिसतात.

पॅकचं गणित पण डोक्यात ठेवा. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचा (टीव्हीचे नियम करणारी सरकारी संस्था) जो नियम आला त्यात १३० रुपये अधिक जीएसटी नुसतं नेटवर्कचं भाडं होतं शंभर साध्या चॅनलला, आन त्यात एक एचडी चॅनल दोन साध्या चॅनलएवढा मोजत होते. वर प्रत्येक पे चॅनलचे पैसे वेगळे. नंतर नियम बरेच फिरले, पण एचडी महाग ते महागच.

कयाधू (हिंगोली)

एचडीला नावं ठेवू नका राव. साधं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, फुल एचडी १९२० बाय १०८०, गुणाकार करून बघा, बरोबर पाचपट होतात. मोठ्या टीव्हीवर मॅच बघताना बॉल दिसतो का नाही हा फरक आहे. २०१६ मधी कलर्स मराठी, स्टार प्रवाह, झी मराठी एकाच वर्षात एचडी झाले तेव्हापासून आमच्या घरी साधं कुणी लावत नाही. ज्याचा टीव्ही तसला त्यानं जरूर घ्यावं. आखाड्यावर नको, हे मान्य.

फुकटछत्री (जालना)

एवढी डोकेफोड कशाला करायलेत, दूरदर्शनची फ्री डिश लावा की. महिन्याचं भाडं शून्य. सह्याद्री येतं, बातम्या येतात. बॉक्स एकदा घेतला की संपलं. आमच्या वस्तीवर प्रत्येक पत्र्यावर तीच छत्री आहे.

छत्रीवाला (लातूर)

फुकटछत्री भाऊ बरोबर, पण तिथं बी तोच घोळ आहे ते सांगत नाही तुम्ही. फ्री डिशवर काही चॅनल एमपेग टूवर आहेत आणि काही एमपेग फोरवर, डीडी नॅशनल एचडी वगैरे एमपेग फोरवर. बाजारात स्वस्तातला जो बॉक्स देतात तो कितीदा एमपेग टूचा जुना माल असतो. दुकानात डब्यावर एमपेग फोर लिहिलंय का वाचून घ्यायचं. नाहीतर दोन वर्षांनी हाच धागा परत काढावा लागंल.

दुसरं, छत्री तीच चालंल पण तोंड फिरवावं लागंल. फ्री डिश जीसॅट १५ उपग्रहावर, ९३.५ अंश पूर्व. आपल्या भागातून ते बरोबर आग्नेयेला पडतंय. टाटा प्लेचं ८३ अंशावर म्हणजे दक्षिणेकडं सरकलेलं, एअरटेलचं १०८.२ ला म्हणजे पार उगवतीकडं झुकलेलं. नुसती पिन काढून दुसरा बॉक्स लावला आणि काही दिसंना म्हणून मला फोन करणारे आठवड्यात चार असतात.

बिंदुसरा (बीड)

आग्नेयेला स्वयंपाकघर असतंय ना वास्तूत? म्हणजे आईची सिरियल तिकडूनच येणार, बरोबर आहे.

मन्याडकाठ (नांदेड)

तरुण मंडळींनो, मी निवृत्त शिक्षक. तुमचा धागा वाचताना एक जुनी गोष्ट आठवली ती लिहितो, विषयाला सोडून वाटली तर क्षमा करा.

१९७५-७६ साली साइट नावाचा प्रयोग झाला होता. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ नावाचा उपग्रह आपल्याला एका वर्षापुरता वापरायला मिळाला आणि सहा राज्यांतल्या चोवीसशे गावांत टीव्ही संच बसवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण शेजारच्या कर्नाटकातले गुलबर्गा, रायचूर, विजापूर हे जिल्हे होते. माझं आजोळ गुलबर्गा जिल्ह्यातलं. मामा मला सायकलवर डबलसीट घेऊन शेजारच्या गावी गेले होते. शाळेवर दहा फुटी छत्री, तीसुद्धा पत्र्याची नव्हे, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची! आणि एका संचासमोर सगळं गाव बसलेलं, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पोरं पुढं मातीत. कार्यक्रम कानडीत, मला निम्मा कळला, पण मी डोळे मिटले नाहीत.

वर्ष संपलं, उपग्रह परत गेला, गावातलं चित्र बंद. मामा म्हणायचे पुढे कितीतरी दिवस लोक संध्याकाळी सवयीनं शाळेपाशी येऊन बसायचे. वरून बंद झालं तर खालच्या माणसाच्या हातात काही नसतं हे मी तेव्हाच पाहिलंय. फक्त तेव्हा गावकऱ्यांना कुणी बिल लावलं नव्हतं.

पुढे आपल्याकडे अंबाजोगाईच्या टॉवरचं दूरदर्शन बघायला लोकांनी वीस वीस फुटी पाइपावर अँटेना चढवल्या, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. ते जमिनीवरचे जुने ट्रान्समीटरही दूरदर्शनने टप्प्याटप्प्याने बंद केले.

कयाधू (हिंगोली)

गुरुजी विषयाला सोडून अजिबात नाही. आमच्याकडं अँटेना फिरवायला एक जण वर आणि "आलं का? आलं का?" ओरडायला एक जण खाली असायचा. मी कायम खालचा.

तेरणामाई (धाराशिव)

आमच्या माहेरी माळवद आहे, धाब्याचं. छत्री बसवायला आलेला पोरगा ड्रिल घेऊन वर गेला आणि पाच मिनिटात खाली आला, म्हणतो काकू वर तर नुसती मातीच आहे, बोल्ट कशात ठोकू. मग दादानं जात्याची जुनी तळी दोन वर नेली आणि छत्रीच्या पायावर ठेवली. बारा वर्षं झाली, वादळात पत्रे उडाले गावातले पण छत्री हलली नाही.

फुकटछत्री (जालना)

पत्र्यावरची हलते हो. आणि वानरं. वानरांचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

लिंबूटिंबू (बदनापूर)

पावसात डिश जाते आणि केबल चालू राहते, असं का? एमपेग फोर घेतल्यावर जायची थांबंल का?

छत्रीवाला (लातूर)

नाही थांबणार, उलट आधीपेक्षा लवकर बी जाऊ शकते, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर माझ्या नावानं ओरडू नका.

डिश चालते केयू बँडवर, दहा बारा गिगाहर्ट्झ. त्या लहरी पावसाच्या थेंबात मुरतात. केबलवाल्याच्या मोठ्या छत्र्या सी बँडवर, चार गिगाहर्ट्झच्या आसपास, त्यांना पावसाचं फारसं काही वाटत नाही, पण छत्र्या मोठ्या लागतात. (केबलला बॉक्स कंपल्सरी कधी झाला आठवतंय का, औरंगाबादला ३१ मार्च २०१३ ची तारीख होती, बाकीच्यांना पुढं २०१७ पर्यंत ओढत नेलं. तेव्हा बी असाच गोंधळ होता.)

आता नवीन बॉक्सचं. एमपेग फोरसोबत कंपन्या प्रसारणाची पद्धत बी बदलतात, डीव्हीबी एस वरून डीव्हीबी एस टू. त्याच जागेत जास्त डेटा, पण त्याला सिग्नल स्वच्छ लागतो. जुना बॉक्स कसाबसा आलेला सिग्नल गोड मानून घ्यायचा, छत्री जरा वाकडी असली तरी चालायचं. नवीन बॉक्स नखरेल. म्हणून बॉक्स बदलायला जो पोरगा येईल त्याला वर चढवा. ते नुसते खाली बसून बॉक्स लावतात, दोन चॅनल दाखवतात, सही घेऊन पळतात, आन आठ दिवसांनी चौकोन चौकोन दिसायला सुरू होतंय. छत्री नीट करून घ्या, एलएनबीला (छत्रीच्या तोंडापुढचं डबडं) गेलेल्या वायरचं टोक कापून नवा कनेक्टर टाकून घ्या, पाणी शिरून तांबं हिरवं पडलेलं असतंय. एलएनबीचं टोपण फुटलं असंल तर आत गांधीलमाशा घर करतात, हात घालायच्या आधी काठीनं टोचून बघायचं.

बिंदुसरा (बीड)

आमच्याकडं पावसानं सिग्नल गेला तर लोक बाहेर येऊन आभाळाकडं बघून हात जोडतात. जाऊ दे म्हणलं महिनाभर.

मन्याडकाठ (नांदेड)

गंमत सोडा, पण एक विचारतो. छत्रीवाला, कंपन्यांना आता जागा मिळाली ना? जून २०२२ मध्ये जीसॅट-२४ फ्रेंच गयानातून गेला, त्याची सगळी क्षमता टाटा प्लेनं घेतली असं वाचलं होतं. मग अजून जुन्यांना उठवायचं कारण काय?

छत्रीवाला (लातूर)

गुरुजी ते त्यांचं झालं, सगळ्यांचं नाही. आन दुसरं कारण साधं आहे, जुन्या गिऱ्हाइकासाठी तेच चॅनल दोन दोन पद्धतीत सोडावे लागतात, एक एमपेग टूत, एक फोरमधी. शंभरात पाच लोक राहिले तरी त्यांच्यासाठी अख्खं भाडं. मी कंपनीत असतो तर मी बी बंद केलं असतं. फक्त मी बॉक्स फुकट दिला असता. ज्याच्या गोदामाची जागा मोकळी झाली त्यानंच हमाली द्यायची, एवढंच माझं म्हणणं.

फुकटछत्री (जालना)

आणि एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडं चालत नाही हे पण लिहा. सिमकार्डसारखं पाहिजे होतं, आपला बॉक्स आपल्याकडं, आवडंल तिकडं जा. ट्रायनं एप्रिल २०२० ला शिफारस केली होती तशी. आमच्या माळ्यावर तीन कंपन्यांचे तीन बॉक्स पडलेत, भंगारवाला पण किलोवर घेईना.

गोदाकाठ (परभणी)

अपडेट देतो.

परत फोन लावला. ह्या वेळी अपग्रेड शब्दच काढला नाही, स्वॅप स्वॅप म्हणत राहिलो. पहिली पोरगी परत एचडी ऑफर वाचून दाखवायली, मी म्हणलं ताई तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर द्या, नाहीतर नोडल ऑफिसरला जातो, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच. पाच मिनिटं गाणं ऐकवलं. मग दुसरा माणूस आला आणि म्हणला सर तुमच्या अकाउंटवर एक्स्चेंज ऑफर दिसते आहे. आदल्या आठवड्यात दिसत नव्हती! बॉक्स फुकट, फक्त माणूस यायचे पैसे. ते बी द्यायला नको होते पण म्हणलं जाऊ दे, बाबा सात वाजता नुसते बंद टीव्हीकडं तोंड करून बसायलेत.

काल पोरगा आला. छत्रीवाला दादांनी सांगितलं तसं त्याला वर चढवलं. म्हणजे बाबांनीच चढवलं, शिडी धरून खाली उभे राहिले, छत्री नीट झाल्याशिवाय शिडी सोडत नाही म्हणले. टोपण फुटलेलं होतंच, आत गांधीलमाशांचं घर रिकामं निघालं. वायरचं टोक हिरवंगार. एव्हीची वायर डब्यात नव्हती, त्याच्या गाडीच्या डिक्कीत निघाली. जुना बॉक्स त्यानं परत नेला, बाबांनी त्याच्यावर घातलेला क्रोशाचा रुमाल तेवढा काढून घेतला.

सह्याद्री लागलं. पॅक जुनाच, साधाच ठेवला.

तेरणामाई (धाराशिव)

छान झालं. बाबा खूश का मग?

गोदाकाठ (परभणी)

कुठं. सगळ्या चॅनलचे नंबर बदलले. रिमोटवर जुन्या नंबरांच्या जागी त्यांनी नेलपेंटचे ठिपके दिले होते, आता म्हणतात परत तोच नंबर लावून मागव. आणि चार बाय तीन करायचं राहिलं, वृत्तनिवेदिका बारीक दिसायली तर आईला वाटलं ती आजारी आहे.

छत्रीवाला (लातूर)

मेनूत सेटिंग, मग पिक्चर, तिथंच असतंय ते. सापडलं नाही तर संध्याकाळी मला फोनवर घ्या, पण सातच्या आधी, नंतर मी बी बातम्या बघतो.